तसबिरीवरचा टॉवेल

दिवाळीचे आकाशकंदील खाली उतरले की कसबा बावड्याच्या हवेत एक वास मिसळायला लागतो. गोड, जड आणि कडेला जरासा करपलेला. गुऱ्हाळं पेटल्याचा. काहिलीत उसाचा रस उकळत असतो, खाली चुलवाणात वाळलेली चिपाडं धडधडत असतात, आणि तो वास उसाच्या फडांवरून, नव्या अपार्टमेंटांच्या गच्च्यांवरून आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून सरळ आत येतो. बाहेरगावची माणसं गाडी थांबवून तो छातीत भरून घेतात. मलाही तो आवडायचा. यंदा तो आला तेव्हा मी चहा गाळत होते. गाळणं हातात धरून तशीच उभी राहिले आणि माझे कान गरम झाले. वासानं कुणाला लाज वाटते का? मला वाटली, आणि चहा गार होईपर्यंत वाटत राहिली.

ही लाज गेल्या हंगामातली आहे. तिच्याबद्दल लिहायचं तर आधी बाबांबद्दल लिहायला हवं, कारण देवाशी बोलायची आमच्या घरातली रीत त्यांची.

आम्ही ख्रिस्ती, आजोबांच्याही आधीपासूनचे. घरामागं आमचा थोडा ऊस आणि त्याच्या पलीकडं दत्तूमामांचं गुऱ्हाळ. मामा म्हणजे नात्यातले नव्हेत. बाबांचे शाळेपासूनचे दोस्त. हंगामातली रसाची पहिली काहील चढवायच्या आधी मामा चुलवाणापुढं नारळ फोडायचे, हळदकुंकू वाहायचे, आणि मग बाजूला उभ्या असलेल्या बाबांकडं वळून म्हणायचे, "शमुवेल, आता तुज्या देवालाबी सांग की." बाबा डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरायचे आणि बोलायला लागायचे. चर्चमध्ये प्रार्थना करतात त्या सुरात नाही. बांधावर भेटलेल्या माणसाशी बोलावं तसं. "बापा, औंदा पाणी कमी मिळालं, तुला ठावं हाय. रस पातळ पडंल. गुळव्याचा हात सांभाळ. आन दत्तूची कंबर धरलीया, तिकडंबी बग जरा." मामा डोळे मिटून कंबरेपर्यंतचं सगळं ऐकून घ्यायचे आणि समाधानानं म्हणायचे, "झालं? चढवा आता." माझं लहानपण या दोन देवांच्या मधे, गरम काकवीची वाटी हातात घेऊन उभं आहे.

पुढं मी शिकले आणि शहाणी झाले. कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवते. नोकरीची थोडीच वर्षं उरली आहेत. ख्रिस्ती विचारात देव व्यक्ती आहे की तत्त्व, हा माझा दर वर्षीचा ठरलेला तास. फळ्याच्या एका बाजूला मी लिहिते: बाप, मेंढपाळ, ऐकणारा, रागावणारा, क्षमा करणारा. दुसऱ्या बाजूला लिहिते: सगळ्या असण्याच्या मुळाशी असलेलं असणं, ज्याला रूप नाही, ज्याचं वर्णन करता येत नाही. दोन्ही बाजूंना परंपरेतली मोठी माणसं उभी आहेत हे प्रामाणिकपणे सांगते, आणि मग खडू बोटांत फिरवत हळूच दुसऱ्या बाजूला सरकते. व्यक्ती म्हटली की मर्यादा आली. व्यक्तीला आवडनिवड आली, मूड आले. विश्वाच्या मुळाशी असं कुणी बसलेलं कसं असेल? "तेव्हा बाप हे रूपक आहे," असं म्हणून मी हात झटकते. खडूची पूड उडते. तास संपतो.

रूपक हा शब्द मला फार उपयोगी पडला आहे. आमच्या विभागातल्या एक सहकारी बाई एकदा डबा खाता खाता म्हणाल्या, "तुमचं बरं आहे हो. बाप म्हटलं की झालं. आमच्याकडे निर्गुणापर्यंत चढत जावं लागतं." त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. पण मला ते लागलं. जणू आमचा देव अजून बालवर्गातच आहे. मी घाईघाईनं म्हटलं, "नाही नाही, ते रूपक आहे. आमच्यातही निर्गुण आहेच की." भाजी संपेपर्यंत मी त्यांना पटवत होते की आमचा देवसुद्धा त्यांच्या देवाइतकाच शिकलेला आहे. आणि ते पटवताना टोपी छातीशी धरून दत्तूमामांच्या कंबरेची शिफारस करणारे बाबा मी डोळ्यांसमोरून दूर सारत होते.

आमच्या सोप्यात, म्हणजे बाहेरच्या बसायच्या खोलीत, एक तसबीर होती. खांद्यावर कोकरू घेतलेला मेंढपाळ. मागं हिरवी टेकडी, हातात काठी, आणि डोळे सरळ बघणाऱ्यावर. बाबा म्हणायचे, "सोप्यात कुठंबी बसा, त्येची नजर तुमच्यावरच." भाऊ आणि मी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात पळून ते तपासून बघायचो. खरंच नजर मागं यायची. मोठी झाल्यावर मला त्याचं कारण कळलं: चित्रातला माणूस समोर बघत असला की कुठूनही बघा, तो आपल्याकडंच बघतोय असं वाटतं. कागदाची करामत आहे. हे मी बाबांनाही समजावून सांगितलं होतं. ते म्हणाले, "आसंल की. त्यो बगतोय म्हटल्यावर, कशानं का बगंना."

आईचं आणि देवाचं बोलणं आम्हाला ऐकू यायचं नाही. ती मनात बोलायची, ओठ हलायचे तेवढंच. आई सगळ्याच बाबतींत झाकलेली बाई. न्हाणीला आतून कडी घालून अंघोळ करायची आणि बाहेर यायची ती लुगडं नीट नेसून, केस विंचरून, पदर खांद्यावरून घेऊनच. आजारातसुद्धा कुणी तिला विस्कटलेली पाहिली नाही. बाबा गेले त्या दिवशी बायका आक्रोश करत असताना तिनं आधी आत जाऊन बरं लुगडं नेसलं होतं, कारण घरात माणसं येणार होती.

गेल्या वर्षी दिवाळी सरता सरता आईला झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. मागं एकच शब्द राहिला: "नगं." चहा हवा असला तरी नगं, नको असला तरी नगं, भाऊ आलेला बघून आनंद झाला तरी नगंच. डॉक्टर म्हणाले, असं होतं, मेंदूत तेवढा एकच शब्द हाताशी राहतो. भाऊ वारणानगरला नोकरीला. तो रविवारी यायचा, तिचे पाय चेपायचा, आणि बाकीचं सगळं मीच करते हे माहीत असल्यामुळं जाताना माझ्या नजरेला नजर द्यायचा नाही. मी रजा टाकून बावड्यात येऊन राहिले. मधल्या खोलीत खाट टाकली. आईला आयुष्यात पहिल्यांदा गाऊन घातला, फुलाफुलांचा, पुढून बटणं असलेला. ती त्या फुलांकडं अशी बघायची की ती दुसऱ्याच कुणाच्या तरी अंगावर आहेत.

आणि मग रोजची सकाळ. गरम पाण्याचं पातेलं, साबण, डायपर, अंग पुसायचं फडकं. गाऊनची बटणं काढायला गेले की आई डाव्या हातानं सोप्याच्या दाराकडं दाखवायची. दारातून तसबीर दिसायची. "नगं, नगं." मला वाटलं, तिला तसबीर नीट दिसत नसावी. बिचारी, पडल्या पडल्या प्रार्थना करायची असेल. मी स्वतः खिळा ठोकला आणि तसबीर सोप्यातून आणून बरोब्बर तिच्या खाटेसमोर, पायथ्याच्या भिंतीवर लावली. तेव्हा मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं. माझा विश्वास असो नसो, आईच्या विश्वासाचा मी मान ठेवला होता.

त्या दिवसापासून अंग पुसणं म्हणजे झटापट झाली. पडलेल्या, अर्ध्या अंगाच्या बाईत एवढी ताकद येते कुठून? एका हातानं ती गाऊन मुठीत आवळून धरायची, मान बाजूच्या भिंतीकडं फिरवायची, घशातून आवाज काढायची. मला वाटलं थंडी वाजते. मी पाणी आणखी कढत केलं, खिडक्या लावल्या, हीटर आणला. तरी तेच. एका सकाळी तर ती रडायला लागली. मग मी खाटेच्या कडेवर बसले आणि इतकी वर्षं शिकवलेलं सगळं सोपं करून तिला सांगितलं. तिला धीर यावा म्हणून सांगितलं. "आई, तू एकटी नाहीस. तो काय नुसता त्या फोटोत आहे? तो सगळीकडं आहे. या खोलीत, या पाण्यात, तुझ्या अंगाच्या कणाकणात. तो नाही अशी जागाच नाही." आईनं डोळे घट्ट मिटून घेतले. डाव्या डोळ्यातून पाणी उशीवर गेलं. मला वाटलं, तिला भरून आलं. उघड्या अंगानं पडलेल्या आईला मी सांगत होते की तो सगळीकडून बघतोय, आणि वर तिच्या कपाळावरून हात फिरवत होते.

बाहेर हंगाम आपल्या रंगात होता. दोन दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर ऊस लादून, गाण्यांचा दणका उडवत कारखान्याकडं जात होते. रस्त्यावर पडलेली कांडी शाळेतली पोरं पळवत होती. कारखान्याच्या भोंग्यावर गल्ली उठत होती, जेवत होती. डिसेंबर आला तशी मी दारात नाताळची कागदी चांदणी टांगली, कारण आई दरवर्षी टांगायची. चर्चची मंडळी अंगणात येऊन गाणी म्हणून गेली, त्यांना मी करंज्या दिल्या. ती सगळी आत येऊन आईच्या खाटेवर वाकली तेव्हा आईनं चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली. मी म्हटलं, "तिला सारखी थंडी वाजते." कुणीतरी जाड शाल आणून दिली. त्यांच्यासमोर ती चादर ओढते आणि सकाळी माझ्यासमोर गाऊन आवळते, या दोन गोष्टी मी एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या नाहीत. एवढं तर्कशास्त्र शिकवून.

गुऱ्हाळ घरामागं असलं की एक गोष्ट सोसावी लागते. चिपाडाची राख. काळे, हलके कण वाऱ्यावर येतात आणि अंगणातल्या तारेवरच्या ओल्या कपड्यांवर बसतात. बोट लावलं की काळा फराटा उमटतो. म्हणून हंगामात आमच्याकडं कपडे घरातच वाळतात. दारांवर, खुर्च्यांवर, मिळेल त्या खिळ्यावर. एका सकाळी मी निळ्या काठाचा पांढरा टॉवेल धुतला आणि जागा नव्हती म्हणून तसबिरीच्या वरच्या चौकटीवर टाकला. मेंढपाळ, कोकरू, टेकडी, सगळं झाकलं गेलं. मग पातेलं घेऊन आईकडं आले, बटणांना हात घातला, आणि झटापटीसाठी मनाची तयारी केली.

आईनं हात बाजूला ठेवला. मी पाठ पुसली, मांड्या पुसल्या, कूस बदलली. ती निवांत पडून होती. मी इतकी खूश झाले की तिला फरक पडतोय असा भावाला फोन केला. दुसऱ्या दिवशी टॉवेल वाळला होता म्हणून घडी घालून कपाटात ठेवला आणि पातेलं आणलं. पुन्हा ती मूठ, पुन्हा तो घशातला आवाज, पुन्हा डावा हात समोरच्या भिंतीकडं. मी त्या हाताच्या दिशेनं वळले. मेंढपाळ सरळ आमच्याकडं बघत होता.

मग कपाटातून टॉवेल काढला, तसबिरीवर टाकला आणि आईकडं बघितलं. तिनं मूठ सोडली.

म्हणजे इतके दिवस रोज सकाळी मी माझ्या आईला एका परक्या... नाही, परक्या नव्हे. तिच्या अतिशय ओळखीच्या आणि तिला ज्याचा फार आदर होता अशा कुणाच्या तरी समोर उघडं करत होते. खिळा ठोकून त्याला पुढ्यात आणून बसवला होता. तिची केविलवाणी धडपड मी थंडीवर घातली होती. पातेलं तसंच ठेवून मी न्हाणीत गेले, कडी घातली आणि रडले. मला आठवतं, रडतानाही वाटत होतं की आईनं हे ऐकू नये.

त्या हंगामात मग आमचा नेम ठरला. पातेलं आणायचं, टॉवेल टाकायचा, अंग पुसायचं, पावडर लावायची, स्वच्छ गाऊन, त्यावरून लुगड्याचा एक तुकडा पदरासारखा, केस विंचरायचे. मग टॉवेल काढायचा. टॉवेल निघाला की आई समोर बघायची आणि तिचे ओठ हलायला लागायचे. शब्द नव्हतेच, पण ओठ पूर्वीसारखेच हलायचे.

मला मात्र राहवेना. एकदा तिच्या भुवया पुसता पुसता मी विचारलंच, "आई, टॉवेलमधून त्याला दिसत नसेल होय गं?" तिनं माझ्याकडं असं बघितलं की मला शाळेतलं चुकलेलं गणित आठवलं. तेवढ्यात बाहेर कुणीतरी मोठ्यानं खाकरलं. दत्तूमामा. हातात काकवीची बाटली असणार. दर आठवड्याला आणायचे. "सुनंदा, हायस का? आवरलं का म्हातारीचं?" दार उघडंच होतं, खोली समोर होती, पण मामा आत आले नाहीत. खिडकीतून दिसले: अंगणाच्या कडेला, आमच्याकडं पाठ करून, उसाकडं तोंड करून उभे. बटणं लावून होईपर्यंत ते तसेच उभे राहिले. मी "या मामा" म्हटल्यावर पुन्हा एकदा खाकरले आणि मग वळले.

मामांना आत काय चाललंय हे माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच पाठ फिरवली होती. आई काही देवाला आंधळा करायला निघाली नव्हती. टॉवेलमधून दिसतं हे तिला माझ्याहून जास्त ठाऊक. तिला त्यानं फक्त जरा अंगणात थांबायला हवं होतं. आणि तो थांबेल, याची तिला खात्री होती. अशी खात्री माणसाला कुणाची वाटते? विजेच्या तारेसमोर कुणी पदर सावरत नाही. वाऱ्याला कुणी म्हणत नाही, तिकडं तोंड कर. जे नुसतंच सगळीकडं असतं, त्याला नजर वळवता येत नाही. नजर वळवायला कुणीतरी असावं लागतं, आणि ते कुणीतरी चांगल्या वळणाचं असावं लागतं. मी फळ्यावर व्यक्तीच्या मर्यादा लिहीत आले. पण मर्यादा पाळणं हे दुसऱ्याच्या अब्रूसाठीही असतं, हे मला सुचलं नव्हतं. चर्चच्या रविवारच्या शाळेत आई आम्हा पोरांना बायबलातल्या पहिल्या बागेची, देवानं घडवलेल्या पहिल्या दोघांची गोष्ट सांगायची, तेव्हा एका जागी नेहमी थांबायची: उघडेपणाची लाज वाटून ती दोघं झाडाआड लपली ती कधी, तर संध्याकाळच्या गारव्यात देवाची पावलं वाजली तेव्हा. पावलं वाजायला कुणीतरी यावं लागतं, असं काही ती बोलली नाही. नुसती थांबायची.

हे सगळं सुचलं म्हणून मी बदलले असं नाही. उलट मला दोन्हीकडची लाज वाटू लागली. पाळकसाहेब एका दुपारी प्रार्थनेला आले, तेव्हा टॉवेल काढायचा राहिला होता. "हे काय ताई?" त्यांनी विचारलं. मी चटकन म्हटलं, "ओला होता, वाळत घातलाय. राखेनं बाहेर घालता येत नाही ना." ते हसले. "तसबीर नसली तरी चालतंय बघा. आपण काय मूर्ती मानत नाही." मीही हसले. खाटेवर आई जागी होती. जिच्यासाठी रोज मी तो टॉवेल टाकत होते तिच्या समोर मी तो वाळत घातला आहे असं सांगितलं, कारण शिकलेल्या बाईनं चित्रावर फडकं टाकावं हे मला त्यांना सांगवेना. जानेवारीत एक तास घ्यायला कॉलेजात गेले. पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "मॅम, पण तुम्हाला स्वतःला काय वाटतं?" मला तो टॉवेल दिसला. फडाकडं तोंड करून उभे असलेले मामा दिसले. मी म्हटलं, "बाप हे रूपक आहे," आणि हात झटकले.

फेब्रुवारीत हंगाम उतरणीला लागला. फड रिकामे झाले, पाचट पेटवल्याचा धूर संध्याकाळी जमिनीलगत पसरू लागला. मामांनी शेवटच्या काहिलीची काकवी गरम गरम पाठवली होती. मी ती घालून नाचणीची पातळ खीर केली आणि आईला भरवायला बसले. मी दमले होते. हे कारण म्हणून सांगत नाही. त्या दिवसांत मी रोजच दमलेली असायचे. आईनं पहिला चमचा थुंकला. मी पुसलं. दुसरा थुंकला. तिसऱ्या वेळी तिनं डाव्या हातानं वाटी उडवली, आणि खीर नुकत्याच बदललेल्या चादरीवर, माझ्या अंगावर, भिंतीपर्यंत गेली.

मी तिच्या त्या हातावर चापट मारली. जोरात. खोलीत आवाज झाला.

आणि माझी नजर आईच्या हाताकडं गेली नाही. तोंडाकडंही गेली नाही. ती गेली सरळ समोरच्या भिंतीकडं. तिथं टॉवेल होता. सकाळी काढायचा विसरले होते. आणि मला हायसं वाटलं. विचार करायच्या आत, पापणी लवायच्या आत, मनात शब्द उमटले: बरं झालं, झाकलेला होता.

याला पुरावा म्हणत नाहीत हे मला समजतं. एखादी विद्यार्थिनी हा युक्तिवाद घेऊन आली तर मी तो सहज खोडून काढीन. लहानपणचं वळण, म्हणीन. आईच्या सवयीची लागण, म्हणीन. ज्याला घाबरलो तो असतोच असं नाही, म्हणीन. ते सगळं बरोबरच आहे. पण त्या क्षणी मला हायसं वाटलं, आणि ते एखाद्या तत्त्वाला दिसलं नाही म्हणून वाटलं नव्हतं. मग त्या हायसं वाटण्याचीच इतकी लाज वाटली की बसवेना. मी उठले. टॉवेल काढायलाच हवा असं वाटलं. काय बघायचं ते बघू दे.

आईनं माझं मनगट धरलं. त्याच हातानं. त्यावर माझी बोटं लाल उमटली होती. ती माझ्याकडं बघत होती, मग तिनं टॉवेलकडं बघितलं, मग पुन्हा माझ्याकडं.

"नगं," ती म्हणाली.

चहाला, औषधाला, पोटच्या पोराला, सगळ्याला तो एकच शब्द होता आणि त्याचा अर्थ आम्हाला दर वेळी चाचपून बघावा लागायचा. त्या संध्याकाळी नाही लागला. हंगामभर मी तिला त्याच्यापुढं झाकत होते. आता ती मला झाकत होती. मी खाली बसले आणि तिच्या हातावर डोकं ठेवलं. तिनं हात काढून घेतला नाही. खीर भिंतीवरून हळूहळू खाली येत होती.

आई श्रावणात गेली. चर्चच्या बायका तिला शेवटची अंघोळ घालायला आल्या तेव्हा त्यांच्या देखत मी तसबिरीवर टॉवेल टाकला. कुणी काही विचारलं नाही. दुःखाच्या घरात असं करत असतील असं त्यांना वाटलं असावं. नंतर मला तो काढायचा धीर झाला नाही. माणसं येऊन गेली, भाऊ येऊन गेला, पाऊस संपला, दिवाळी झाली. टॉवेल होता तिथंच होता. त्याच्यावर धूळ बसली.

आणि यंदा तो वास आला. चहा तसाच टाकून मी मागच्या बाजूनं दत्तूमामांकडं गेले. ते पहिली काहील चढवत होते. नारळ फुटला, हळदकुंकू वाहिलं. बाबा गेल्यापासून मामा या जागी काही न बोलता थोडा वेळ नुसते थांबतात, मी पाहिलं आहे. यंदा ते माझ्याकडं वळले. "तुज्या देवालाबी सांग की गं."

सगळे थांबले. गुळव्या थांबला, चुलवाणात चिपाडं सारणारा थांबला. मी तोंड उघडलं. बाबांचे शब्द मला पाठ होते. पाण्याचं म्हणता आलं असतं, गुळव्याच्या हाताचं, मामांच्या कंबरेचं. पण कुणाला सांगायचं म्हटल्यावर समोर पांढरा टॉवेल आला, आणि दुसरं काही सांगायच्या आधी एक गोष्ट सांगायची राहिलीय हे कळलं. ती चारचौघांत सांगायची नव्हती.

"मला जमत नाही मामा," मी म्हटलं.

"ऱ्हाऊ दे, सवडीनं सांग," मामा म्हणाले. "त्यो काय पळून चाललाय व्हय." आणि त्यांनी काहील चढवायला सांगितली.

घरी आले. मधल्या खोलीत आता खाट नाही, जमिनीवर खाटेच्या पायांचे चार डाग आहेत. भिंतीवर खिरीचा पुसट ओघळ अजून आहे. मी टॉवेल काढला. घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली.

"बघ," मी म्हटलं, आणि त्या संध्याकाळचं सगळं सांगितलं. खीर, चापट, मला हायसं वाटलं ते, आईनं नगं म्हटलं ते. मोठ्यानं सांगितलं, बाबांसारखं. सांगून झाल्यावर टॉवेल छातीशी धरून मान खाली घालून उभी राहिले. मागं गुऱ्हाळावर रस उकळायला लागला होता, वास खोलीभर झाला होता. वर बघायला मला फार वेळ लागला.